निवेदकाला काय ठाऊक नसते?

समीक्षेचा कथालेखनाला प्रत्यक्ष उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा उपहासाने विचारला जातो. आणि समीक्षकही तो आपल्या कक्षेबाहेरचा मानून मोकळे होतात. पदव्युत्तर वर्गांना कथनमीमांसा शिकवताना मला मात्र तो टाळता आलेला नाही. निवेदक, केंद्रीभवन, कथनकाळ या संज्ञांवर नेटके लिहिणारे काही विद्यार्थी स्वतः कथा लिहीत असतात, आणि त्यांच्या कथा पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या पानावर अडलेल्या असतात. कारण ते एकच सांगतात : ‘या जगाविषयी मला पुरेसे माहीत नाही.’ खेड्यातून विद्यापीठात आलेल्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य अधिक येते. गाव सुटले, शहर अंगवळणी पडले नाही. मग लिहायचे कोणत्या अधिकाराने?

हा पेच खरा आहे. परंतु तो चुकीच्या जागी उभा केला जातो, असे मला वाटते. लेखकाला किती माहीत आहे यापेक्षा निवेदकाला काय माहीत नाही, हे ठरणे कथेच्या दृष्टीने अधिक निर्णायक असते.

‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर नव्याने आलेला तरुण मास्तर आहे. वस्तीची रीत त्याला ठाऊक नाही. व्यंकटेश माडगूळकर स्वतः माणदेशातले. त्यांना हे जग परके नव्हते. तरीही जाणतेपण स्वतःपाशी ठेवून त्यांनी नवखेपण निवेदकाला दिले. त्यामुळे वस्तीतली माणसे आपल्याला माहिती म्हणून भेटत नाहीत, हळूहळू ओळखीची होत जातात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० मध्ये ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, आणि कथा सांगत होती यमू. अधिकाराचा प्रश्न तेथेही विचारता येईल. परंतु थोरांच्या वागण्याचा अर्थ लहान यमूला पुरता लागत नाही; ती पाहते, ऐकते, भिते. अर्थ लावण्याचे काम वाचकाकडे येते, आणि तो त्या घरात गुंतत जातो.

यातून काही साधी कामे निघतात. कथा अडली की नवे प्रसंग जुळवू नयेत. एका कागदावर निवेदकाला काय कळले आहे, काय चुकीचे कळले आहे आणि काय कधीच कळणार नाही, हे लिहून काढावे. तिसरी यादी रिकामी राहिली, तर निवेदकाच्या जागी लेखकच बोलतो आहे असे समजावे. मग अडलेले पान दुसऱ्या पात्राच्या नजरेतून पुन्हा लिहावे. ते पान कथेत राहिले नाही तरी चालेल. कोणते वाक्य कोणाचे आहे, हे त्यातून उमगते. शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचावी. ती पुरी वाटली, तर तो परिच्छेद बहुधा वाचकावरच्या अविश्वासातून आलेला असतो. तो काढून टाकावा.

बोलीविषयीची धास्तीही याच प्रश्नाशी निगडित आहे. संपूर्ण निवेदन बोलीत असल्याखेरीज लेखन अस्सल ठरत नाही, असा एक समज दिसतो. दुसरीकडे बोलीतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कंसात देण्याची घाई असते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) पात्रे वऱ्हाडीत बोलतात, निवेदन मुख्यत्वे प्रमाण मराठीत चालते. या दोन भाषांमधले अंतर ही त्या कादंबरीची उणीव नाही. कौतिकच्या कष्टांकडे निवेदक किती जवळून आणि किती संयमाने पाहतो, हे त्या अंतरातून जाणवते. बोली घ्यावी की न घ्यावी, हा निष्ठेचा प्रश्न करू नये. निवेदक कोठे उभा आहे, यावरून तो सुटतो. संवाद मात्र मोठ्याने वाचून पाहावेत. जीभ अडखळते तेथे बहुधा पात्राच्या तोंडून लेखक बोलत असतो. अनोळखी शब्दाचा अर्थ वाचक संदर्भाने लावतो. त्याला तेवढी सवड द्यावी.

उत्तम निवेदक योजून वाईट कथा लिहिता येते, हे मान्य केलेच पाहिजे. अनुभवाची निकड नसेल, तर वरील कामे शब्दांचा व्यायाम ठरतील. पण ज्यांच्यापाशी ती निकड आहे आणि केवळ अपुरेपणाच्या जाणिवेने जे थांबले आहेत, त्यांच्याशी मला बोलायचे आहे. गाव अर्धे विसरलेला, शहर अर्धे कळलेला माणूस सर्वज्ञ निवेदक म्हणून अपुरा पडेल. परंतु ज्याला आपल्याच घरातले बोलणे आता नीट उमगत नाही, अशा निवेदकासाठी त्याच्याइतका योग्य लेखक दुसरा कोण? तेव्हा ते तिसरे पान फाडू नये. निवेदक बदलून ते आज पुन्हा लिहायला घ्यावे.