टफी गप्प बसला आणि...

दारावरची बेल वाजली की इंदूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकाच वेळी तिघांचा आरडाओरडा सुरू व्हायचा. आधी टफी, मग ‘‘टफी, गप्प!’’ म्हणून ओरडणारी मी आणि माझ्यावर ताण करणारी माझी मुलगी. टफी म्हणजे गुडघ्याएवढाही नसलेला पांढरा स्पिट्झ. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या कुत्र्याचं नाव ह्यांनी हौसेने त्याला दिलं, पण त्या कुत्र्याचं शहाणपण काही नावाबरोबर आलं नाही. कुरिअरवाला, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळे त्याच्या लेखी दरोडेखोर!

समोरच्या फ्लॅटमध्ये बाळ आलं आणि हे हसण्यावारी नेणं अवघड झालं. एका दुपारी वहिनी दारात आल्या. जागरणाने डोळे सुजलेले. ‘‘ताई, आत्ताच कुठे झोपलं होतं हो,’’ एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी माझेच कान उपटले. म्हणाले, ‘‘तुम्ही ओरडता, तेव्हा त्याला वाटतं मालकीणबाईही भुंकताहेत. शिवाय कुरिअरवाला परत जाणारच असतो, पण हा समजतो, मी भुंकलो म्हणून पळाला.’’ म्हणजे रोज टफीचाच विजय!

मग आम्ही ओरडणं बंद केलं. दारापासून चार पावलांवर जुन्या सतरंजीचा तुकडा अंथरला. आधी बेल न वाजवताच ‘जागेवर’ म्हटलं की तिथे बसायला शिकवलं. बसला की वाटाण्याएवढं पनीर. (मुलगी लाडाने चॉकलेट द्यायला निघाली होती. कुत्र्यांना ते विषारी असतं. द्राक्षं, मनुका आणि कांदाही.) नंतर मुलीने बाहेरून दारावर हलकेच टिचकी मारायची, मग जरा जोरात, शेवटी बेल. भुंकला तर ना रागावणं, ना पनीर. गप्प झाला की त्याच क्षणी तुकडा. पहिल्या आठवड्यात भुंकणं उलट वाढलं. पण दीड महिन्याने बेल वाजली की टफी मुकाट्याने सतरंजीवर जाऊन बसायला लागला.

त्याच आठवड्यात गॅसचा सिलिंडर परत गेला. कोणी दार उघडलं नाही म्हणे! सासूबाई तर घरातच होत्या. दोन दिवसांनी मी ऑफिसातून आले, तर मुलगी दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात बसलेली. पाऊण तास बेल वाजवून रडकुंडीला आली होती. आत सासूबाई निवांत मेथी निवडत होत्या आणि टफी सतरंजीवर शहाण्यासारखा बसला होता.

‘‘आई, बेल ऐकू नाही आली?’’ मी जरा चिडूनच विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. ‘‘बेल मला वर्षभर ऐकू येत नाही गं. टफी भुंकला की कळायचं, कोणीतरी आलंय.’’

वर्षभर! टीव्हीचा आवाज मोठा करतात म्हणून मी किती कुरकुर केली होती. वयोमानाने कान मंदावतात ते आधी उंच, बारीक आवाजांना, आणि आमची बेल चिमणीच्या चिवचिवाटाची. कानाच्या डॉक्टरांनी तपासून श्रवणयंत्र दिलं. ते बराच वेळ कपाटातच असतं. ‘‘कानात किडा बसल्यासारखं वाटतं,’’ म्हणतात.

टफीची शाळा मात्र पुन्हा भरली. परदेशात ऐकू न येणाऱ्यांसाठी कुत्र्यांना भुंकण्याऐवजी स्पर्श करून सांगायला शिकवतात. तेच आम्ही धरलं. बेल वाजली की सासूबाईंकडे जायचं आणि गुडघ्यावर पंजा ठेवायचा. पनीरची डबी आता त्यांच्याकडे आणि मास्तरीणही त्याच.

घाईत एखादं ‘भू’ अजून निसटतं. वहिनींना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘एवढं चालेल हो.’’

परवा डॉक्टरांनी टफीचं वजन केलं आणि पनीर कमी करायला सांगितलं. सासूबाईंना मी ते दोनदा, अगदी मोठ्याने सांगितलं. ‘‘ऐकू नाही आलं,’’ म्हणाल्या.