अशोकवनाच्या सभोंवतीं

लंकेस जाणारा आपल्यांतील प्रवासी बहुधा रामायण मनांत धरूनच जातो. कँडीहून निघालेली आगगाडी डोंगर चढत नानू-ओया स्थानकास येते. तेथून मोटारीनें थोडक्याच वेळांत सहा हजार फुटांहून उंच वसलेलें नुवारा एलिया गांव लागतें. गांवाजवळच सीता-एलिया हें स्थान आहे. तेथें ओढ्याकांठीं सीतामाईचें देऊळ असून हीच अशोकवाटिका, असें भाविक मानतात. दर्शन घेऊन बहुतेक मंडळी परत फिरतात. परंतु आसपास पसरलेल्या चहाच्या मळ्यांतही परवशतेची एक कथा आहे. ती पुराणांतली नव्हे, आपल्या हयातींतली आहे.

या डोंगरांवर पूर्वीं कॉफीचे मळे होते. १८६९ पासून पानांवर पडलेल्या रोगानें ती शेती बुडाली आणि १८६७ मध्यें जेम्स टेलर यानें लावलेला चहा तिच्या जागीं आला. दोन्ही पिकांसाठीं मजूर आणले ते मद्रास इलाख्यांतील तामीळ जिल्ह्यांतून. ‘लाइन’ म्हणतात त्या बुटक्या चाळींतून त्यांच्या पिढ्या वाढल्या.

१९४८ मध्यें सिलोन स्वतंत्र झालें, आणि त्याच वर्षाच्या नागरिकत्वाच्या कायद्यानें या लोकांस प्रश्न केला: तुमचा बाप येथेंच जन्मला काय? अथवा आजा व पणजा दोघेही? ज्यांचे जन्म कोणी टिपून ठेवले नव्हते, त्यांनीं पुरावा कोठून आणावा? सुमारें सात लक्ष माणसें एका फटकाऱ्यासरशीं नागरिकत्वास मुकलीं. १९४९ च्या दुसऱ्या कायद्यान्वयें सव्वाआठ लक्षांच्या आसपास लोकांसाठीं अर्ज झाले; मंजुरी मिळाली ती सुमारें १,३४,००० जणांस. मत नाहीं, पासपोर्ट नाहीं, सरकारी नोकरी नाहीं. यांतील खरें मर्म असें कीं, त्यानंतर जन्मणाऱ्या मुलाचें नागरिकत्व बापावर अवलंबून होतें. बापाला देश नाहीं, म्हणून पाळण्यांतल्या अर्भकालाही देश नाहीं!

१९६४ मध्यें लालबहादूर शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांच्यांत करार झाला. सुमारें ९,७५,००० माणसांपैकीं ५,२५,००० भारतानें घ्यावींत, ३,००,००० सिलोननें, आणि उरलेल्या दीड लक्षांचें पुढें पाहावें, असें ठरलें. त्या दीड लक्षांची १९७४ त निमेनिम वांटणी झाली. पुढें जन्मणारीं मुलेंही या आंकड्यांच्या मागोमाग जावयाचीं होतीं. वडिलोपार्जित भांडीं वांटतांनासुद्धां आपण घरांतील माणसांस विचारतों. येथें ज्यांची वांटणी झाली त्यांस कोणी विचारलें नाहीं. १९८४ मध्यें रामेश्वर-तलैमन्नार जलमार्ग बंद पडला आणि भारतीय पासपोर्ट हातीं असलेले कित्येक तेथेंच राहिले.

एका मळ्यावरील चाळींत वाटाड्यानें आम्हांस एका वृद्ध आजीबाईंकडे नेलें. त्यांनीं देवाच्या तसबिरीमागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आंत दागिने नव्हते. नातवाचा जन्मदाखला मात्र प्लॅस्टिकच्या पिशवींत जपून ठेवला होता. “याला कोणी विचारलें, तर याच्यापाशीं उत्तर आहे,” असें त्या तामिळींत म्हणाल्या.

मला छांदोग्योपनिषदांतील सत्यकाम आठवला. अनेक घरीं सेवा करतांना हा झाला, याचें गोत्र मला ठाऊक नाहीं, असें जबालेनें त्याला सांगितलें. त्यानें तेंच गुरूला सांगितलें, आणि हारिद्रुमत गौतमांनीं त्याला शिष्य म्हणून स्वीकारलें. मुलाचें गोत्र न सांपडणें हा मुलाचा दोष नव्हे, हें ज्या ऋषीस कळलें, तें राज्यांस कळावयास फार काळ लागला. लंकेनें २००३ मध्यें कायदा करून ३० ऑक्टोबर १९६४ पासून तेथें राहणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांस व त्यांच्या संततीस नागरिकत्व दिलें. मोहीम काढून थोड्याच दिवसांत सुमारें १,९०,००० जणांस तें पोंचविलें. त्याच वर्षीं आईकडूनही नागरिकत्व मिळूं लागलें. जगांत अजून सुमारें चोवीस देशांत आईला तो हक्क बापाच्या बरोबरीनें नाहीं.

उपाय गहन नाहींत. प्रत्येक जन्माची नोंद व्हावी. आईचा हक्क बापाइतकाच असावा. आणि ज्या मुलाला दुसरा कोणताच देश नाहीं, त्याला जन्मभूमीनें आपलें म्हणावें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचें सार हेंच. परंतु त्यांत ना लंका सामील आहे, ना भारत. लंकेंतील यादवीमुळें तामीळनाडूंतील शिबिरांत आलेल्यांत हे मळेवालेही होते. आपल्या कायद्यानें १ जुलै १९८७ पासून केवळ येथें जन्मणें पुरेसें नाहीं. आई-बापांपैकीं एक तरी भारतीय हवा, आणि डिसेंबर २००४ पासून अटी आणखी कडक आहेत. म्हणून लंकेस दोष देऊन आपणांस हात झटकतां यावयाचे नाहींत. समुद्राच्या अलीकडच्या कांठावरही, आपल्याच मातींत रांगलेल्या मुलांना आपण अजून गोत्रच विचारीत आहों.