पिवळ्या खुर्च्या

बाहेर पाऊस. साठीच्या घरातली एमी आडोशाला म्हणून म्युनिकच्या एका बारमध्ये शिरते आणि दाराजवळच्या टेबलाशी बसते. काउंटरपाशी उभी असलेली मंडळी वळून तिच्याकडे बघतात. बोलत कोणीच नाही. राइनर वेर्नर फासबिंडरचा १९७४ सालचा हा जर्मन चित्रपट जितक्यांदा पाहिला, तितक्यांदा त्या बघण्यानं माझ्या अंगावर काटा आलाय.

चित्रपटाचं नाव मुद्दाम मोडक्या जर्मनमध्ये ठेवलंय. आपण 'भीती आत्मा खाणे' म्हणावं तसं. ही भाषा अलीची. मोरोक्कोहून आलेला, गाड्या दुरुस्त करणारा, एमीपेक्षा वीस वर्षांहूनही लहान. 'अली' हे त्याचं खरं नावसुद्धा नाही. सगळे तसं म्हणतात, म्हणून अली. एमी विधवा, साफसफाईची कामं करणारी. दोघं नाचतात, बोलतात, लग्न करतात.

लग्नाला कायद्याची आडकाठी नव्हती. तरी मुलगा टीव्हीवर लाथ घालतो, वाणी अलीला माल देत नाही, कामावरच्या बायका एमीला जिन्यात एकटीला टाकून दूर सरकतात. बागेतल्या कॅफेत रिकाम्या पिवळ्या खुर्च्यांच्या गर्दीत दोघंच हात धरून बसलेले, आणि लांबवर माणसं पुतळ्यासारखी उभी. तिथे एमीचा बांध फुटतो. ब्रिगिटे मीराचा तो रडवेला, थकलेला चेहरा विसरता येत नाही.

अलीचं काम करणारा एल हेदी बेन सालेम त्या काळात फासबिंडरचाच जोडीदार होता. पश्चिम जर्मनीत प्रौढ पुरुषांमधलं प्रेम १९६९ पर्यंत गुन्हा होतं. कलम सैल झालं, पण नजरा कुठल्या सैल व्हायला! त्या अठ्ठावीस वर्षांच्या दिग्दर्शकाला हे कोणी शिकवावं लागलं नसणार.

पण मला खरा चटका बसतो तो पुढे. दोघं सुट्टीवरून परततात, तर सगळे गोड झालेले. वाण्याला गिऱ्हाईक हवंय, शेजारणीला तळघरातली जागा, मुलाला आपलं मूल सांभाळायला आई. एमी हरखून जाते. मैत्रिणी घरी येतात तेव्हा अलीचे दंड त्यांना दाखवते, हात लावून बघू देते. त्याला कुसकुस खावंसं वाटतं, तर म्हणते, इथल्या जेवणाची सवय कर. किती साधं वाक्य! बारमधली ती नजर आता एमीच्याच डोळ्यांत येऊन बसलेली असते, आणि तिला पत्ताही नसतो. अली मुकाट्यानं उठतो, निघून जातो.

शेवटी ती पुन्हा त्याच बारमध्ये येते. तेच गाणं, तोच नाच. नाचता नाचता अली पोट धरून कोसळतो. अल्सर फुटलाय. परदेशी कामगारांमध्ये हे नेहमीचंच, डॉक्टर सांगतो. सहा महिन्यांत पुन्हा येईल. असं होऊ देणार नाही, एमी म्हणते. आणि खाटेशी बसून त्याचा हात हातात घेते.