नको असलेला आवाज

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण ही एक तबकडी नव्हे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. आकाशातली एकच लहर त्यांना किंचित वेगवेगळ्या क्षणी भेटते. ती तफावत हिशेबात घेऊन सर्वांचे संकेत जुळवून बेरीज केली, की एका दिशेचा आवाज वाढतो आणि इतर दिशांचे बहुतांशी एकमेकांत विरतात.

ही साधी बेरीज. अनुकूलक पद्धती याहून चतुर. अमेरिकेत मोंटानातल्या भूकंपमापकांच्या जाळ्यासाठी केपन यांनी १९६९ साली जो नियम मांडला, तो भाषेच्या मास्तरांनाही कळावा इतका सोपा आहे : हव्या दिशेने येणारे जसेच्या तसे राहू द्या, आणि एकूण शक्ती शक्य तितकी कमी करा. कोणत्या संवेदकाचे म्हणणे किती मानायचे, हे मग आलेल्या गलबल्यावरूनच ठरते. गोंगाट जिथून येतो, नेमका तिथेच कान बंद होतो.

आम्ही अडखळलो ते याच्या पुढे. हवी ती दिशा गृहीत धरताना थोडी जरी चूक झाली, तर ही पद्धती खऱ्या संकेतालाच उपद्रव समजते आणि पुसून टाकते. संकेत जितका बलवान, तितका तो निगुतीने पुसला जातो. कुजबुज वाचते, खणखणीत बोलणारा मरतो!

आम्हां दोघांपैकी एक अमरावतीस शिकवतो, एक अकोल्यास. दोघांच्याही वर्गांत 'शाया', 'पानी', 'मले', 'काहून' असे बोलणारी मुले येतात, आणि पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत गप्प होतात. अस्खलित वऱ्हाडी बोलणारी सर्वांत आधी. ज्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी माणसामाणसांकडून आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, ते आमच्याच जिल्ह्यात आहे. महानुभाव परंपरेने पाठभेदांना 'वासना' म्हटले आणि ते पोथीत शेजारी शेजारी नोंदून ठेवले. ही गोष्ट आम्ही दरवर्षी शिकवतो, अर्थात प्रमाण मराठीत.

अभियंत्यांनी वरच्या दोषावर एक उपाय काढला आहे. गणितात मुद्दाम थोडा कृत्रिम गोंगाट मिसळायचा, म्हणजे यंत्राची अति तीक्ष्णता बोथट होते. थोडा खरा गोंगाट आत येतो, पण संकेत बचावतो.

उत्तरपत्रिकेतल्या 'मले'खाली लाल रेघ ओढावी की नाही, यावर मात्र आमचे अजून एकमत नाही. अमरावतीकर म्हणतो, परीक्षा प्रमाण भाषेची आहे आणि नोकरीच्या मुलाखतीत या मुलांना कोणी सूट देणार नाही. अकोलेकर म्हणतो, मग निदान निबंधाच्या प्रश्नापुरती रेघ थांबवा. या परीक्षेचे गठ्ठे येत्या आठवड्यात येतील.