घोडी दवाखान्यात असते तेव्हा

लग्नसराईत रायपूरच्या रस्त्यांवर वराती मिरवणारी घोडी अचानक आजारी पडते. तिला दुर्गजवळच्या अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावे लागते. मग घोडीवाल्याच्या घरात चूल पेटते, पण घास कुणाच्या गळ्याखाली उतरत नाही. कमावते माणूसच जणू अंथरुणाला खिळलेले असते!

घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखीही त्याच्या जिवावर बेतू शकते. त्यातून ते मुके जनावर. शेवटचा चारा कधी खाल्ला, लीद कधी टाकली, हे त्याचा माणूसच डॉक्टरांना सांगू शकतो. ते नीट आठवून सांगणे हीसुद्धा सेवाच, आणि त्याने मनालाही आधार मिळतो.

सेवेला यश येतेच असे नाही. डेहराडूनमध्ये १४ मार्च २०१६ रोजी मोर्चाच्या वेळी पोलिसांच्या शक्तिमानचा पाय मोडला. तो कापून कृत्रिम पाय बसवला, तरी २० एप्रिलला शक्तिमानने प्राण सोडला.

म्हणून खर्च किती झेपेल, शस्त्रक्रियेला होकार कोण देईल, वेदना असह्य झाल्या तर काय करायचे, हे घरच्यांनी एकत्र बसून आधीच ठरवावे. अपरात्री निरोप आला, की डोके चालत नाही.