पंखा कोणासाठी फिरत होता

गेल्या मे महिन्यात आमच्या घरचा संगणक ओरडायला लागला. वर्ध्याचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या पुढे, त्यामुळे सुरुवातीला कोणी मनावर घेतले नाही. माणसे धापा टाकतात तिथे यंत्राने का टाकू नयेत! पण तो रात्री अकरा वाजताही ओरडत होता, आणि तेही त्यावर काहीही उघडलेले नसताना. माऊस अडखळत होता. मराठीत एक ओळ टाइप करावी तर अक्षरे दोन-दोन सेकंदांनी उमटत होती.

माझा संशय लगेच भाच्यावर गेला. बहीण आर्वीला असते. तिचा मुलगा अकरावीसाठी वर्ध्याला आमच्याकडे राहायला आला होता. रात्री उशिरापर्यंत संगणकावर बसायचा. अभ्यास करतो म्हणायचा, पण गेम खेळताना मी त्याला दोनदा पाहिले होते. मी फार चौकशी केलीच नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "काय काय डाउनलोड करून ठेवलंस रे यात?" तो म्हणाला, "मामू, मैंने कुछ नहीं किया." मी पासवर्ड बदलला आणि त्याला संगणक बंद केला. त्यानंतर तो जेवताना खाली मान घालून जेवायचा. पंधरा दिवसांनी बहिणीचा फोन आला, की तो आर्वीला परत यायचे म्हणतो आहे, काय झाले? मी म्हणालो, काही नाही, उन्हाने कंटाळला असेल.

आता संगणकाकडे येतो. आमचे घर पिंजाऱ्याचे. खाली अब्बांचे गादी-रजईचे दुकान, वर आम्ही. आजोबांच्या हातात धुनकी होती, अब्बांनी विजेवरचे पिंजणयंत्र घेतले. रुईचे बारीक तंतू जिना चढून वर येतात, हे आम्हाला जन्मापासून माहीत. संगणकाचे कॅबिनेट उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जी धातूची पाती असतात, त्यांवर रुईचा चक्क नमदा जमला होता. हवा जायला जागाच नव्हती.

प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. वेग कमी झाला की तेच काम करायला त्याला जास्त वेळ लागतो, आणि मग साधे कामही जड वाटू लागते. मी रंगाच्या ब्रशने पाती साफ केली, प्रोसेसर आणि पाती यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान बरेच उतरले. पण आवाज थांबला नाही. म्हणजे रुई हे एक कारण होते, पण एकमेव नव्हते. यंत्राला उष्णता बाहेर टाकता येत नव्हती हे खरे. पण ते रिकामे बसलेले असताना इतकी उष्णता तयार का करत होते?

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती टक्के खातो आहे, ते तिथे दिसते. इथे पुष्कळ जण एका नावाला घाबरतात: 'सिस्टिम आयडल प्रोसेस', पुढे ९५ किंवा ९७ टक्के. तो भार नाही, रिकामा वेळ आहे. तो आकडा जितका मोठा तितके बरे. विंडोज अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी आणि फायलींची सूची बनवणारी सर्च इंडेक्सिंग ही मंडळीही अधूनमधून प्रोसेसर व्यापतात, पण काम झाले की उठतात. आमच्याकडे यांपैकी कोणीच नव्हते. टास्क मॅनेजर सांगत होता, वापर फक्त ४ टक्के.

आणि तेवढ्यात पंखाही शांत झाला.

खिडकी बंद केली. अर्ध्या मिनिटात पंखा पुन्हा घोंगावू लागला. उघडली, शांत. बंद केली, सुरू. असे मी पाच-सहा वेळा केले. आपण बघतो तेव्हा काम थांबवणारा कोणीतरी आत होता.

पण हा माझ्या कानांचा भास तर नाही ना, हे कसे ठरवायचे? अब्बांना सांगितले तर ते म्हणाले, "तोल के देख." त्यांच्या दृष्टीने कोणत्याही वादाचे उत्तर तराजूत असते. मला विजेचे मीटर आठवले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. रात्री सगळे गच्चीवर झोपायला गेल्यावर मी कूलर, पंखे, दिवे बंद केले, फ्रिजचा प्लग काढला. चालू फक्त संगणक. टास्क मॅनेजर उघडा ठेवून पाच मिनिटे मोजले: १९ वेळा. तो बंद करून पुन्हा पाच मिनिटे: ३६ वेळा. हिशेब केला तर पहिल्या वेळी सुमारे ७० वॅट, दुसऱ्या वेळी १३५. घामाने निथळत होतो, पण चोराचे वजन हाती लागले होते.

संगणक दिवसाला बारा तास चालतो असे धरले तर महिन्याला तेवीस युनिटे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १०० युनिटांनंतर चढतो आणि ३०० नंतर आणखी चढतो. आम्ही उन्हाळ्यात त्या ३०० च्या काठावरच असतो. वाढलेल्या बिलाचे खापर मी कूलरवर फोडले होते.

आत बसला होता तो मायनर. मोनेरो नावाचे एक आभासी चलन आहे. २०१४ साली ते सुरू झाले. एस्पेरांतो भाषेत मोनेरो म्हणजे नाणे. बिटकॉइन काढायला आता खास बनवलेली यंत्रे लागतात. मोनेरोची गणिते मात्र मुद्दाम अशी ठेवली आहेत, की घरच्या साध्या प्रोसेसरवरही सोडवता यावीत. चलन बेकायदा कामासाठीच आहे असे नाही. पण ती गणिते सोडवायला वीज लागते, आणि दुसऱ्याच्या विजेवर ती सोडवून घेणारे लोक आपला प्रोग्रॅम परक्या संगणकांत लपवतात. आमच्यासारख्या जुन्या यंत्रातून त्याला दिवसाला फार तर रुपया-दोन रुपये मिळत असतील. त्यासाठी तो आमची त्याहून जास्त किमतीची वीज जाळत होता. अशी हजारो घरे मिळाली की त्याचे भागते.

विंडोजच्या अँटीव्हायरसमध्ये ऑफलाइन स्कॅन असतो. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधी तपासणी होते, त्यामुळे लपणाऱ्याला लपायला वेळ मिळत नाही. त्याआधी मी अँटीव्हायरसची 'यांना तपासू नका' ही यादी पाहिली. त्यात एक फोल्डर होता. तो यादीतून काढला, स्कॅन चालवला, आणि चोर सापडला. फाइल तयार झाल्याची तारीखही दिसली: फेब्रुवारीतली एक संध्याकाळ.

ती संध्याकाळ मला नीट आठवत होती. भाचा त्या आठवड्यात लग्नासाठी आर्वीला होता. मला एका लेखासाठी फोटो नीट करायचे होते आणि त्यासाठीचा महागडा प्रोग्रॅम मी कुठूनतरी फुकटात, कुलूप तोडलेला, उतरवला होता. सोबतच्या सूचनेत लिहिले होते, की आधी अँटीव्हायरस बंद करा आणि हा फोल्डर त्याच्या यादीत टाका. मी निमूटपणे दोन्ही केले होते. दार मीच उघडले, पहारेकऱ्याला मीच सुट्टी दिली. फेब्रुवारीत थंडी असल्याने पंखा फार ओरडला नाही. मे उजाडल्यावर उन्हाने आणि रुईने मिळून माझी चोरी ओरडून सांगितली.

अब्बांच्या दुकानात गिऱ्हाईक घरची जुनी रुई पिंजायला आणते. अब्बा आधी वजन करून वहीत लिहितात, पिंजल्यावर पुन्हा करतात, धूळ-कचऱ्याची घटही लिहितात. लहानपणी मी उशी करायला त्यातली मूठभर रुई उचलली होती. अब्बा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "परायी रुई है बेटा, वापस रख." शाळेच्या सहलीत सेवाग्रामला आम्ही आश्रमाची एकादश व्रते पाठ केली, तेव्हा 'अस्तेय'चा अर्थ मला गुरुजींनी समजवायची गरज पडली नाही. तोच मी, चाळिशीत, परका प्रोग्रॅम उचलताना क्षणभरही थांबलो नाही. डोळ्यांना दिसत नाही, वजन नाही, कोणाचे काय जाते? मात्र १९८८ मध्येच कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध अशा हक्कांना मालमत्ता मानून त्यांवर अतिक्रमण नको असे सांगितले आहे. मला हे ठाऊक होते. मी त्यावर कधीकाळी लिहिलेही होते!

पण प्रोग्रॅमपेक्षा भाच्याचे मला जास्त लागले. सूरह हुजुरातमध्ये संशयापासून दूर राहायला सांगितले आहे. शुक्रवारी खुत्ब्यात ऐकतोच की आपण. काही झाले की आधी आपल्याकडे बघितले जाते, याची तक्रार मी कितीदा केली असेल. माझ्या घरात काही झाले तेव्हा मी आधी कोणाकडे बघितले? जो सगळ्यांत लहान आणि परक्या घरचा, त्याच्याकडे.

सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली, रात्रीच्या जेवणावर. फाइलची तारीख सांगितली, आणि त्या दिवशी काय केले तेही. अम्मी हसल्या. भाचा काही बोलला नाही. नंतर बहिणीला फोन करून तिलाही खरे सांगितले, आणि हे जास्त कठीण गेले.

दुसऱ्या दिवशी संगणक पुसून लिनक्स मिंट टाकले, लिहायला लिबरऑफिस, फोटोंसाठी गिंप. तिन्ही कायदेशीर, तिन्ही फुकट. मराठी युनिकोड उत्तम चालते. सगळे पासवर्डही बदलले, कारण आत शिरलेल्याने फक्त वीजच नेली याची खात्री कोण देणार? हे काम भाच्याने केले, माझ्यापेक्षा चांगले.

रात्री त्यानेच पुन्हा फ्रिजचा प्लग काढला आणि मीटरसमोर उभा राहिला. मी घड्याळ धरले. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "अठारह."

मी तो आकडा अब्बांच्या वहीत लिहून ठेवला आहे.