घरातल्या अपराइट पियानोचे ध्वनिमुद्रण

अपराइट पियानोत तारा उभ्या ताणलेल्या असतात आणि त्यांचा नाद पाठीमागच्या मोठ्या लाकडी फळीतून खोलीत पसरतो. घरात ही पाठ बहुधा भिंतीला टेकलेली असते. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वी पियानो थोडा पुढे ओढावा, नाहीतर खर्जाचे स्वर घुमून एकमेकांत मिसळतात. ८८ पट्ट्यांचा विस्तार २७.५ पासून सुमारे ४,१८६ हर्ट्झपर्यंत जातो. त्यामुळे वरचे झाकण उघडून किंवा पुढची फळी काढून खर्जाकडे एक आणि वरच्या स्वरांकडे एक असे दोन कंडेन्सर मायक्रोफोन लावतात.

मायक्रोफोन आत सरकवला की हातोड्यांच्या नमद्याचा स्पर्श, पेडलची कुरकुर, वादकाचा श्वासही ऐकू येतो. हे आवाज पुसण्याची घाई करू नये. घरगुती मुद्रणाचा जिव्हाळा त्यांच्यातच आहे. पियानोवादक निल्स फ्राम यांनी बर्लिनमध्ये रात्री वाजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून तारांवर नमदा लावला, मायक्रोफोन तारांच्या अगदी जवळ नेले, आणि त्या मंद, जवळिकीच्या नादातून २०११ मध्ये ‘फेल्ट’ हा अल्बम आकाराला आला. पियानोचे असे आवाज राहू द्यावेत, खोलीतला पंखा मात्र बंदच हवा.

शेवटी दोन्ही मायक्रोफोन मोनोमध्ये एकत्र ऐकावेत; स्वर पोकळ वाटले तर एक जरासा हलवावा.